दुसऱ्या फुप्फुसातले ठिपके

घरी तिला छोटी म्हणत. पंचेचाळिशी उलटली होती, केसांत पांढरं डोकावू लागलं होतं, तरी थोरल्या बहिणीच्या लेखी ती छोटी ती छोटीच. इस्पितळात मात्र तिचं वेगळं नाव पडलं होतं, लोखंडबाई. तोंडावर ते कुणी घेत नसे, पण पाठ वळली की हमखास घेत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडंसं आवडतही होतं.

ती पॅथॉलॉजिस्ट. रोग्याच्या अंगातून काढलेल्या तुकड्याचे पातळ काप काचेच्या स्लाइडवर रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचे आणि काय आहे ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. वेड म्हणाल तर एकच, फुप्फुसाचा कर्करोग आणि त्यातलं लोखंड. जेवताना कुणी चुकून तिच्या शेजारी बसलं की सुरुवात व्हायची. साधी पेशी गरजेपुरतं लोखंड घेते, उरलं तर आतल्या कोठीत ठेवते, नको असेल तर बाहेर सोडते. कर्करोगाची पेशी हावरट. ती लोखंड आत घ्यायची दारं वाढवत सुटते आणि बाहेर सोडायचं दार लावून घेते. सारखं वाढायचं, सारखं दुभंगायचं, तर लोखंड लागणारच ना. आणि गंमत अशी, की तेच लोखंड हाताबाहेर गेलं तर त्या पेशीला आतून जाळूनही टाकतं. म्हणजे ती बया सदा तारेवर चालतेय. तिला त्या तारेवरून ढकलायचं कसं, यावर छोटीची कितीतरी वर्षं खर्ची पडली होती. ऐकणाऱ्याचं जेवण तोवर गार झालेलं असे, त्यामुळे तिच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामीच राही.

एकटे भाऊजी मात्र हे सगळं मन लावून ऐकत. भाऊजी म्हणजे ताईचा नवरा. धंद्याने वेल्डर. फाटकं, जिने, पाण्याच्या टाक्या, ट्रकची हाडं, जे तुटेल ते जोडायचं. "तुझं आणि माझं काम एकच आहे, मेव्हणी," ते म्हणत. "दोघंही लोखंडावर जगतो. फक्त तुझं दिसत नाही आणि माझं बिल निघतं."

त्या भाऊजींना खोकला लागला. आधी ताईने काढे दिले, मग रागे भरली, मग ओढत इस्पितळात आणलं. फोटो निघाले आणि घराच्या तोंडचं पाणी पळालं. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढी गाठ. सुई घालून तुकडा काढला, तो कर्करोगच निघाला. तरीही तेवढ्यावर कुणी हातपाय गाळले नसते, कारण एकाच बाजूची, एकाच जागची गाठ कापून काढता येते. पण डाव्या फुप्फुसात ठिपके होते. बारीक बारीक, सगळीकडे पसरलेले, फोटोवर कुणी ब्रश झटकावा तसे.

सर्जन तिचा वर्गमित्र होता. कॉलेजात सगळे त्याला लंबू म्हणत, ती अजूनही म्हणे. त्याने आडपडदा ठेवला नाही.

"ते ठिपके याच गाठीची पिल्लं असतील तर मी सुरी लावणार नाही," तो म्हणाला. "रोग दोन्हीकडे गेलेला असताना एकीकडचं कापून माणसाचे हाल करायचे, हे मला पटत नाही. मग फक्त औषधं. पण ठिपके दुसरं काही असतील, तर वरचा भाग काढून टाकतो, आणि मग तुझ्या भाऊजींना बरीच वर्षं तुझी टिंगल करता येईल."

म्हणजे सगळं त्या ठिपक्यांवर येऊन ठेपलं. त्यातल्या त्यात मोठ्या ठिपक्यात सुई घालून दोऱ्याएवढा तुकडा काढला आणि तो छोटीच्याच विभागात आला. तिला तो बघायची मनाई होती. नात्यातल्या माणसाची स्लाइड वाचायची नाही, हा विभागाचा नियम, आणि नियम बरोबरच होता. विभागप्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, ती वाचली. कर्करोगाच्या पेशी दिसत नाहीत, असं त्यांनी लिहिलं. आणि खाली, सुई नेमकी ठिपक्यात गेली होती की शेजारी, हे सांगता येत नाही.

"'दिसत नाही' म्हणजे 'नाही' नव्हे," लंबू म्हणाला आणि अहवाल तिच्याकडे सरकवला. तो तर तिला वाचता येत होता. ती त्याच्या टेबलाशी उभ्या उभ्या वाचू लागली आणि मधल्या एका ओळीपाशी थबकली. तिथे लिहिलं होतं, मोठ्या भक्षक पेशींमध्ये तपकिरी-काळे कण.

"काय झालं?" लंबूने विचारलं.

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला होता. भक्षक पेशी म्हणजे फुप्फुसातले झाडूवाले. बाहेरून जे जे आत येतं ते गिळून बसतात. आणि भाऊजींच्या आत आयुष्यभर काय गेलं होतं? वितळलेल्या लोखंडाचा धूर. मुखवटा डोळ्यांवर, नाक उघडं. ते ठिपके कर्करोगाची पिल्लं नसतील, नुसतं साठलेलं लोखंडच असेल. असे धुराचे डाग फोटोत हुबेहूब रोगासारखे दिसतात, हे तिने वाचलं होतं, इतरांना शिकवलंही होतं. इतकी वर्षं ही बाई परक्या लोकांच्या गाठींत लोखंड शोधत बसली आणि घरातल्या माणसाच्या छातीत काय साठलंय याचा विचार तिला एकदाही शिवला नाही. तिला स्वतःचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी इतका आनंद झाला, की ती लंबूच्या खोलीतून पळतच सुटली. पंचेचाळिशीची बाई कॉरिडॉरमधून धावतेय म्हटल्यावर दोन नर्सेस भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या.

सरांना घाई या गोष्टीचं वावडं. त्यांनी तिचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "शक्य आहे. लोखंडाचा रंग करून बघू. उद्या आण्णांना सांग."

लोखंडाचा रंग म्हणजे स्लाइड एका आम्ल घातलेल्या द्रावणात बुडवायची. पेशीत लोखंड असेल तर तिथे गडद निळं उमटतं, नसेल तर काही नाही. काम सोपं, पण सोवळ्यातलं. कारण द्रावणाला लोखंड कुठलं हे कळत नाही. पाण्यातलं असो, बरणीच्या गंजलेल्या झाकणातलं असो, ते बिचारं इमाने इतबारे निळं होतं. म्हणून भांडी वेगळी धुवायची, पाणी वेगळं घ्यायचं आणि स्लाइड धरायला चिमटा प्लास्टिकचा. खोलीच्या भिंतीवर छोटीनेच स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'लोखंडाच्या रंगाला लोखंडी चिमटा लावणाऱ्याचे हात कलम केले जातील.' नवीन आलेली मुलं ती वाचून हसत आणि नंतर घाबरत.

आण्णा म्हणजे तिचे तंत्रज्ञ. ते त्या दुपारी दाढ काढायला गेले होते. पण सकाळीच त्यांनी भाऊजींच्या तुकड्याचे दोन जास्तीचे काप एकाच स्लाइडवर घेऊन ठेवले होते, आणि ते ट्रेमध्ये समोर पडले होते. छोटीने घड्याळाकडे बघितलं, ट्रेकडे बघितलं. उद्या नावाची गोष्ट तिला सहनच होईना. नियम वाचायच्या विरुद्ध होता, रंगवायच्या विरुद्ध नव्हता, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ही समजूत किती तकलादू आहे हे तिलाही कळत होतं, पण हात केव्हाच कामाला लागले होते.

तिने मेण उतरवलं, द्रावण मिसळलं, भाऊजींची स्लाइड बुडवली. सोबत नियमाप्रमाणे एक तपासणीची स्लाइडही बुडवली, निरोगी फुप्फुसाची, जिच्यात लोखंड नाही हे सगळ्यांना माहीत आहे. ती स्वच्छ राहिली तरच दुसरीवर भरवसा ठेवायचा. थांबायचा वेळ कसा गेला ते तिलाच ठाऊक. मग गुलाबी रंगाचा हात, धुणं, वाळवणं. आणि मायक्रोस्कोप. ती भाऊजींची स्लाइड होती, ती तिने वाचायची नव्हती, पण तिने डोळा लावला.

निळं होतं. इथे, तिथे, पलीकडे, गुलाबी शेतात निळ्या ढेकळांसारखं सगळीकडे निळं. तिच्या तोंडून हुंदका आला की हसू, हे सांगणं कठीण आहे. तिला आभाळ ठेंगणं झालं आणि तिने तिथेच, स्टुलावर बसल्या बसल्या, ताईला फोन लावला.

"ताई, लोखंड आहे."

"कुठे?"

"भाऊजींच्या डाव्या बाजूला. ते ठिपके गं. कर्करोग नाही, वेल्डिंगचा धूर आहे तो, इतक्या वर्षांचा. निळा झालाय सगळा."

ताईने फार जपून विचारलं, "निळा म्हणजे चांगलं?"

"निळा म्हणजे खूप चांगलं."

"मग कापणार?"

"कापणार, ताई. लंबू कापणार."

मागून भाऊजींचा आवाज आला, काय म्हणते माझी मेव्हणी म्हणून. ताईने फोन न झाकताच सांगितलं, "अहो, तुमच्या छातीत लोखंड निघालंय म्हणे."

"मग भंगारात काय भाव चाललाय ते विचार," भाऊजी म्हणाले, आणि दोघी बहिणी फोनच्या दोन टोकांना पोट धरून हसल्या. किती दिवसांनी हसत होत्या.

फोन ठेवून छोटीने शीळ घालत दुसरी स्लाइड, ती निरोगी, मायक्रोस्कोपखाली सरकवली. खरं म्हणजे हीच आधी बघायची असते. हे ती दर वर्षी नव्या मुलांना ओरडून सांगे.

तिच्यातही निळं होतं.

खूप नव्हतं, पण होतं. ज्या फुप्फुसात लोखंड नाही त्याच्यावर निळे कण पडले होते. शीळ तोंडातच राहिली. तिने बारीक स्क्रू फिरवला. पेशी धूसर झाल्या तेव्हा निळं स्पष्ट झालं, निळं धूसर झालं तेव्हा पेशी स्पष्ट झाल्या. म्हणजे ते पेशीच्या आत नव्हतं, वर तरंगत होतं. बाहेरून येऊन बसलेलं. तिने मान वळवून सिंककडे बघितलं. सिंकच्या काठावर, ओला, टोकाला किंचित गंजलेला, तिचा नेहमीचा पोलादी चिमटा पडला होता. रोज हजार कामांना तोच हाताशी लागतो. आनंदाच्या भरात हाताने आपणहून तोच उचलला होता, बरोबर त्या पाटीखाली उभं राहून.

भाऊजींच्या स्लाइडवर निळं जास्त होतं, हे खरं. त्यातलं पुष्कळसं पेशींच्या आत असल्यासारखंही वाटत होतं. पण 'वाटत होतं' ह्या शब्दाला तिच्या धंद्यात किंमत नव्हती, आणि ज्या डोळ्यांना इतकं हवंहवंसं वाटत होतं त्या डोळ्यांना तर मुळीच नव्हती. तिने दोन्ही स्लाइड उचलल्या आणि तडक सरांकडे गेली. झालं ते सगळं सांगितलं, ताईला केलेल्या फोनसकट.

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"चिमटा कुणाचा?"

"माझा."

"भिंतीवर पाटी कुणी लावलीय?"

"मी."

"हं," सर म्हणाले. त्यांनी स्लाइड घेतल्या, बघितल्या मात्र नाहीत, तशाच कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. "उद्या आण्णा करतील. तू हात लावायचा नाहीस आणि वाचायचंही नाहीस. वाचीन मी. पण कुठली स्लाइड कुणाची हे मला कळता कामा नये. नावावर पट्टी चिकटवून द्यायची."

"तुम्हालासुद्धा? सर, तुमचे कुठे ते नातेवाईक आहेत?"

"नाहीत," सर म्हणाले. "पण ते बरे व्हावेत असं मलाही वाटतंय. म्हणून."

छोटी त्यांच्या हाताखाली वीस वर्षं काम करत होती. असं काही त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं. ती बाहेर आली आणि जिन्यात उभं राहून ताईला दुसरा फोन केला. हा फोन करण्यापेक्षा हात कलम झालेले परवडले, असं तिला वाटलं.

"ताई, मी चुकले."

"कशात?"

"रंग करताना. माझ्याच चिमट्याचं लोखंड मिसळलं. निळं दिसलं ते भाऊजींचं की चिमट्याचं, सांगता येत नाही."

"म्हणजे लोखंड नाही?"

"म्हणजे माहीत नाही. सकाळी जेवढं माहीत होतं तेवढंच आत्ता माहीत आहे."

"ह्यांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना कळवलंसुद्धा," ती म्हणाली. "सगळे भेटायला निघालेत."

"ताई, मला माफ..."

"माफी राहू दे. परत करता येईल का?"

"उद्या सकाळी."

"मग कर. आणि छोटे, या वेळी फोन करू नकोस. काय असेल ते समोर येऊन सांग. तुझं तोंड बघितल्याशिवाय मी आता कशावर विश्वास ठेवणार नाही." आणि तिने फोन ठेवला. ती रागावली असती तर छोटीला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी आण्णा सुजलेला गाल घेऊन आले. त्यांना कालचा प्रकार कळला होता. त्यांनी पाटीकडे बघितलं, मग छोटीच्या हातांकडे बघितलं, आणि गालावर हात ठेवून म्हणाले, "मॅडम, हसलो की दुखतं हो. आज नको."

खरी धास्ती वेगळीच होती. मेणाच्या ठोकळ्यात तुकडा आता नावापुरता उरला होता, वापरून वापरून संपत आलेल्या साबणासारखा. तो संपला तर पुन्हा सुई घालावी लागणार, आणि मागच्या वेळेला सुईने फुप्फुसातली हवा निसटून भाऊजींचे फार हाल झाले होते. लंबू पुन्हा तयार होईल याची खात्री नव्हती. आण्णांनी ठोकळा बर्फावर गार केला, यंत्रावर लावला आणि चाक फिरवलं. पहिला काप चुरगळून आला. आण्णांनी पात्याची धार नुसती सरकवली आणि पुन्हा फिरवलं. दुसरा काप फाटका निघाला. छोटी दारात उभी होती, आत यायची तिला परवानगी नव्हती, आणि तिने दाराची कड इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली. तिसरा काप यंत्रावरून अलगद उतरला, अखंड. आण्णांनी तो कोमट पाण्यावर सोडला, तो पसरला, त्याच्याखाली काच धरून त्यांनी तो उचलला. चौथ्याची गरज पडली नाही, आणि चौथा निघालाही नसता.

रंग करताना प्लास्टिकचा चिमटा होता, नवीन पाणी होतं, आम्लाने धुतलेली भांडी होती. तीन स्लाइड केल्या. एक निरोगी, जिच्यात निळं यायला नको. एक जुनी ठेवणीतली, एका बाईच्या फुप्फुसाची, जिथे आत रक्तस्राव होऊन रक्तातलं लोखंड साचलं होतं, म्हणजे निळं यायलाच हवं. आणि एक भाऊजींची. आण्णांनी तिन्हींच्या नावांवर पांढरी पट्टी चिकटवली, पाठीमागे हात नेऊन त्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि सरांपुढे ठेवल्या.

"तू खिडकीकडे तोंड कर," सर छोटीला म्हणाले. "तुझा चेहरा मला वाचता येतो."

ती खिडकीकडे वळली. खाली पार्किंगमध्ये एक माणूस गाडी मागे घेत होता, पुढे घेत होता, पुन्हा मागे घेत होता. छोटी त्या गाडीला मनातल्या मनात दिशा देत राहिली.

"पहिली," सर म्हणाले. मग बराच वेळ काही नाही. "गुलाबी. स्वच्छ. निळं कुठेही नाही."

म्हणजे पाणी स्वच्छ, चिमटा स्वच्छ. ही निरोगी असेल. किंवा भाऊजींची असेल आणि ठिपक्यांत लोखंड बिखंड काही नसेल.

"दुसरी. निळं आहे, भरपूर. पेशींच्या आत आहे. बारीक, एकसारखं पसरलेलं." सरांनी स्लाइड सरकवल्याचा आवाज आला. "हे रक्ताचं. कधीतरी आत रक्त सांडलंय याच्या."

ही ती जुनी बाई. छोटीने त्या बाईची स्लाइड शेकडो वेळा बघितली होती, तिला वर्णन पाठ होतं. म्हणजे आता उरली एक. ती गुलाबी निघाली तर भाऊजींच्या ठिपक्यांत लोखंड नाही. मग लंबू सुरी उचलणार नाही, मग ताईकडे जायचं आणि समोर उभं राहून ते सांगायचं. खाली गाडीवाल्याला जागा सापडली होती. तिला आता काहीच बघायला उरलं नाही.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. तिला न बघता कळलं.

"तिसरी," ते म्हणाले. आणि थांबले. मोठं भिंग फिरल्याचं खट्ट झालं. "थांब जरा."

"थांबलेच आहे, सर."

"निळं आहे."

ती वळणार होती. "वळू नकोस," सर म्हणाले. "बारीक स्क्रू फिरवतोय. वर तरंगत नाही. पेशीच्या आतच आहे. मोठे मोठे गठ्ठे आहेत, श्वासनळ्यांच्या कडेने. आणि निळ्याच्या पोटात काळे कण. प्रत्येक गठ्ठ्यात." त्यांचा आवाज, जो वीस वर्षांत कधी वर चढला नव्हता, तो किंचित चढला. "हे रक्ताचं नाही. हे नाकातून आत गेलेलं आहे. आणि सुई कुठे गेली ते सांगता येत नाही असं मी लिहिलं होतं ना, ते खोडायला हवं. सुई ठिपक्यातच गेली होती. ठिपकाच हा आहे."

आण्णांनी पट्ट्या सोलल्या. एकामागून एक तीन नावं निघाली, आणि तिसरं भाऊजींचं होतं. छोटी आण्णांच्या स्टुलावर बसली. सरांनी खुर्ची मागे घेतली आणि मायक्रोस्कोपकडे हात केला. "अहवाल माझा झाला. आता तू बघितलंस तर हरकत नाही." तिने डोळा लावला आणि बघत राहिली. कितीतरी फाटकं, कितीतरी जिने त्या निळ्यात होते. काम करता करता माणसाने ते श्वासागणिक आत घेतलं होतं आणि झाडूवाल्या पेशींनी ते मुकाट्याने सांभाळलं होतं.

लंबू निरोप मिळताच वर आला. त्याने स्लाइड बघितली, जुने फोटो पुन्हा उजेडावर धरून बघितले. "सगळे एका मापाचे, सगळीकडे सारखे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आता सांगितल्यावर दिसतंय." मग छोटीकडे वळला. "शंभर टक्के खात्री कुणीच देणार नाही, हे तुला मी सांगायला नको. पण एवढ्यावर मी सुरी उचलतो. येत्या आठवड्यात."

ती बसने गेली. दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा परत पर्समध्ये कोंबला. ताईच्या घराचा जिना चढताना तिने चेहरा गंभीर ठेवायचं ठरवलं होतं, नीट क्रमाने सगळं सांगायचं ठरवलं होतं, आधी तपासणीची स्लाइड, मग बाकीचं. दार उघडलं, ताईने तिच्या तोंडाकडे बघितलं, आणि क्रम वगैरे सगळं वाऱ्यावर गेलं.

"लोखंडच आहे," छोटी म्हणाली. "मी हात लावला नाही. सरांनी बघितलं, नाव झाकून बघितलं."

"आता परत फोन नाही ना येणार?"

"नाही येणार."

ताईने तिला दंडाला धरून आत ओढलं. भाऊजी खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, बारीक झालेले, अंगातला शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा असे. ताई त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात तिने त्यांच्या खांद्यांवर ठेवले. छोटीने सांगितलं. लंबू कापणार, येत्या आठवड्यात. उजव्या बाजूचा वरचा भाग गाठीसकट काढणार. श्वास थोडा कमी पडेल, वेल्डिंग बंद. पुढे औषधं लागतील की नाही ते नंतर ठरेल. भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं.

"कापलेलं कुठे जातं?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडेच येतं. आमच्या विभागात."

"म्हणजे तुझ्या टेबलावर."

"सरांच्या. मला तुमचं वाचायची परवानगी नाही. पण त्यांचं काम झालं की उरलेला भाग अभ्यासाला ठेवता येतो. तुम्ही हो म्हणालात तर."

"हो," भाऊजी म्हणाले. "ठेव. माझं लोखंड खाऊन माजलीय ती गाठ. कसं खाल्लं, कुठून खाल्लं, बघ सगळं."

"भाऊजी, तसंच असेल असं नाही. धुरातलं लोखंड त्या झाडूवाल्या पेशींनी कुलूप लावून ठेवलेलं असतं. गाठीने ते फोडून घेतलं की रक्तातलं घेतलं, हे अजून कुणाला नक्की..."

"ते मला कशाला सांगतेस? मी काय ते शोधणार आहे?" भाऊजी म्हणाले. "तू शोध. माझ्यानंतर जो कोणी मुखवटा लावून बसेल ना, त्याच्या उपयोगी पडेल असं काहीतरी शोध."

छोटीने मान हलवली. तिने वर बघितलं. ताई दोन्ही फोनवर रडली नव्हती. आता नवऱ्याच्या खांद्यांवरचे हात न उचलता ती रडत होती, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून पाणी तसंच हनुवटीवरून ओघळत होतं.

"घे बाई," ती म्हणाली. "सगळी गाठ घे. ह्यांच्यात काही ठेवू नका."